कानाचं दार नाकात

अंगारकीला राजुरात राजुरेश्वराच्या दर्शनाची रांग लागते, तेव्हा कडेवरचं एखादं लेकरू हमखास रडत असतं. त्याला भूक नसते, झोपही आलेली नसते, पण हात सारखा कानाकडे जातो. मग मागची एखादी आजी म्हणते, ‘कान ठणकतोय गं त्याचा. घरी गेल्यावर कोमट तेल सोड.’ आजीच्या बोलण्यात माया असते, म्हणून आपण ऐकतो.

मीही ऐकलं होतं. माझा थोरला तेव्हा सव्वा वर्षाचा होता. चार दिवस सर्दी, मग ताप, मग रात्रभर रडणं. मी तेलात लसूण कढवली, तेल कोमट झाल्यावर दोन थेंब कानात सोडले. पहाटे लेकरू शांत झोपलं. मला वाटलं, गुण आला. उजाडल्यावर बघते तर उशीवर पिवळा डाग! कान फुटला होता. आत साठलेला पू पडदा फोडून बाहेर आला, म्हणून ठणका थांबला होता. तेलाचा त्यात काही वाटा नव्हता.

दवाखान्यात मी विचारलं, ‘सर्दी तर नाकात होती, मग दुखणं कानात कसं गेलं?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर नीट सापडायला माणसाला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगते.

आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजले आहेत. कर्णशूल म्हणजे ठणका, कर्णस्राव म्हणजे वाहणारा कान, पूतिकर्ण म्हणजे दुर्गंधी सुटलेला कान. बाळाचे कान कसे टोचावेत आणि फाटलेली पाळी कशी सांधावी, हेसुद्धा त्यात सांगितलं आहे. उपचार पुष्कळ आहेत, पण घरोघरी टिकून राहिलं ते कानात तेल घालणं.

तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी बजावून ठेवलं होतं, की कान जोरात ठणकत असेल आणि मोठा ताप उतरत नसेल, तर माणूस बरळायला लागून दगावू शकतो. म्हणजे कानाचं दुखणं डोक्यापर्यंत पोचतं, हे जुन्या वैद्यांना दिसत होतं. ते कानात शिरतं कुठून, ते मात्र कळत नव्हतं.

याच ग्रीकांची एक गंमत तुम्हा शेळ्या पाळणाऱ्या बायांना आवडेल. आल्कमिऑन नावाच्या वैद्याचं म्हणणं होतं, की शेळ्या कानानं श्वास घेतात! पुढे अ‍ॅरिस्टॉटलनं ते खोडून काढलं आणि ते बरोबरच केलं. पण आल्कमिऑनचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नसावं. कानापासून घशाकडे जाणारी एखादी वाट त्याच्या नजरेला पडली असेल, असं अभ्यासकांना वाटतं.

त्या वाटेचं नीट वर्णन केलं ते सोळाव्या शतकात इटलीतल्या बार्टोलोमिओ युस्टाकी या शरीरशास्त्रज्ञानं. कानाच्या पडद्यामागे एक छोटीशी पोकळी असते, तिला मधला कान म्हणतात. त्या पोकळीतून एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. पुढे १७०४ साली इटलीतल्याच व्हाल्साल्वा यानं कानावर ग्रंथ लिहिला आणि या नळीला युस्टाकीचं नाव दिलं. डॉक्टर तिला आजही युस्टेशियन नळी म्हणतात.

ही नळी तुम्ही पाहिली नसली तरी अनुभवली आहे. एसटी कन्नडचा घाट चढायला लागली की कानात दडे बसतात. आवंढा गिळला की ते फटकन सुटतात. तेव्हा हीच नळी क्षणभर उघडते आणि मधल्या कानात हवा जाते.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तिरपी उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्मी आणि आडवी असते. शेतातल्या पाइपाला उतार नसला तर पाणी तुंबतं, तसंच इथे होतं. सर्दीत नळीचं तोंड सुजतं, मधल्या कानात पाणी साठतं आणि नाका-घशातले जंतू त्या आखूड वाटेनं वर चढतात. पाण्याचा पू होतो, पडदा फुगतो आणि लेकरू किंचाळतं. मूल वाढतं तशी नळी लांब होते, तिला उतार येतो आणि हा त्रास कमी होतो. म्हणून कान फुटणं हे मुख्यतः लहानग्यांचं दुखणं आहे.

वाट कळली, पण आत साठलेल्या पुवाचं काय करायचं? पू पडद्यातून बाहेर पडला नाही, तर कानामागच्या हाडात उतरतो. तिथून मेंदू फार लांब नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या झाँ-लुई पती या सर्जननं ते हाड उघडून पू काढला आणि रोगी वाचवला. पण १७९१ साली डेन्मार्कच्या राजवैद्यानं, बर्गरनं, बहिरेपणा जावा म्हणून स्वतःवरच ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि तो दगावला. त्या धसक्यानं पुढे कित्येक वर्षं कोणी तिचं नाव काढेना. १८७३ साली जर्मनीत श्वार्ट्झ यानं ती कधी करावी आणि कशी करावी याची नीट घडी बसवली, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास परत आला.

खरा फरक पडला तो पेनिसिलिननं. फ्लेमिंगला ते १९२८ साली सापडलं आणि दुसऱ्या महायुद्धात ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं. आपल्याकडे ते बाहेरून यायचं. मग जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आपला मराठवाडा तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होता. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपण त्याला घाटी म्हणतो. ज्या दुखण्यासाठी कानामागचं हाड फोडावं लागे, ते पुष्कळदा औषधानं आटोक्यात येऊ लागलं.

पण औषधाचं राज्य आलं आणि आपण नळीला विसरलो. कान फुटला की औषध, पुन्हा फुटला की पुन्हा औषध. मुळात तो फुटूच नये म्हणून काय करायचं, ते त्या नळीच्या गोष्टीतच आहे. मधल्या कानाचं दार नाकात आहे, म्हणून राखण तिथंच करायची.

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्या. त्यातून बाळाला जंतूंशी लढायची ताकद मिळते. पाजताना बाळाचं डोकं थोडं उंच ठेवा. बाटली तोंडात देऊन लेकराला निजवू नका. आडव्या नळीत दूध शिरायला वेळ लागत नाही. चुलीचा आणि विडीचा धूर नळीचं अस्तर सुजवतो. म्हणून चुलीपाशी लेकरू घेऊन बसू नका आणि घरातल्या पुरुषांना सांगा, लेकराजवळ विडी नको. शेंबूड वेळच्या वेळी पुसा आणि नंतर हात धुवा.

लसही चुकवू नका. न्यूमोकोकस नावाचा जंतू न्यूमोनिया करतो, तोच कानातही पू करतो. त्याच्यावरची परदेशी लस फार महाग होती. २०२० साली पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं देशी लस आणली आणि २०२१ पासून ही लस सरकारी लसीकरणात देशभर मोफत मिळू लागली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती देतात. गोवरानंतरही कान फुटतो, म्हणून गोवर-रुबेलाची लसही घ्याच. लसीनं सगळेच कान वाचतील असं नाही, पण मोठं संकट टळतं.

आता न दुखणाऱ्या कानाबद्दल. ठणका थांबल्यावरही मधल्या कानात पाणी साठून राहू शकतं. लेकरू रडत नाही, ताप नसतो, पण त्याला कमी ऐकू येतं. मग ते बोलायला उशिरा शिकतं. शाळेत ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं. आमच्या वस्तीतली एक मुलगी तीन वर्षं मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसली. तिचा कान लहानपणापासून वाहत होता. घरच्यांना वाटायचं, मोठी झाली की थांबेल. तपासलं तेव्हा पडद्याला भोक निघालं. ती मठ्ठ कधीच नव्हती. शिकवलेलं तिच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं.

अशी मुलं वेळेत सापडावीत म्हणून २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. कानाचा संसर्ग आणि कमी ऐकू येणं, दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि कानाबद्दल स्वतःहून सांगा.

कान वाहत असेल तर तेल, दूध, कशाचा रस, काही घालू नका. पिन नको, काडेपेटीची काडी नको, बाजारातल्या माणसाचं कानकोरणंही नको. देवापुढे लावायला वात वळतो, तशी स्वच्छ मऊ सुती कापडाची वात करा. ती हलक्या हातानं कानात ठेवा, भिजली की काढून टाका आणि नवी लावा. कान कोरडा होईपर्यंत हे दिवसातून तीनदा करा. अंघोळीचं पाणी आत जाऊ देऊ नका. हे करा आणि आरोग्य केंद्रातही जा. डॉक्टरांनी जितके दिवस औषध सांगितलं तितके दिवस द्या, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका. कान १४ दिवसांहून जास्त वाहिला तर कानाच्या डॉक्टरांकडे, जालन्याला किंवा घाटीत जायलाच हवं. आणि कानामागे दुखरी सूज आली, लेकरू गुंगीत गेलं किंवा त्याला झटके आले, तर सकाळची वाट बघू नका. हिपोक्रेटिसच्या माणसांना ज्याची भीती होती, ते हेच.

कान टोचायला आपण सोनारच शोधतो, वाटेल त्याच्या हातात सुई देत नाही. कानाच्या आतल्या दुखण्यालाही तेवढाच मान द्या. माझ्या लेकराचा पडदा औषधानं भरून आला. आता तो मोठा झालाय, हाक मारली की ऐकून न ऐकल्यासारखं करतो. पण त्याला ऐकू येतं, एवढं मला ठाऊक आहे. पुढच्या अंगारकीला रांगेत एखादं लेकरू कान ओढताना दिसलं, तर त्याच्या आईला एवढंच विचारा, ‘सर्दी किती दिवसांची आहे गं?’