लुलीचा पाय, अरायाची मान

संगीतकाराला इजा म्हटलं की आपल्याला बसलेला घसा आठवतो, फार तर बोटांवरचे घट्टे. पण ताल देण्याच्या आवेशानं सतराव्या शतकात एका मोठ्या संगीतकाराचा जीवच घेतला, त्याची ही गोष्ट.

झां-बातिस्त लुली हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा दरबारी संगीतकार. मूळचा फ्लॉरेन्सचा. तरुणपणी तो नर्तकही होता, खुद्द राजाबरोबर नाचलेला. नोव्हेंबर १६८६मध्ये राजावर भगंदराची शस्त्रक्रिया झाली. राजा बरा झाला, त्या आनंदात ८ जानेवारी १६८७ रोजी लुलीनं पॅरिसच्या एका चर्चमध्ये आपलं 'ते देउम' हे स्तोत्र सादर केलं. वाद्यवृंदापुढे छोटी कांडी हलवण्याची आजची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. काठी जमिनीवर आपटून ताल देत. त्या भरात काठी त्याच्याच पायावर बसली. जखम चिघळली, गँगरीन झालं. वैद्यांनी कापायचा सल्ला दिला, तो त्यानं मानला नाही, असं सांगतात. उभा जन्म पायांवर ताल धरलेला माणूस! मला तरी तो नकार समजतो. २२ मार्चला तो गेला. ज्याच्या प्रकृतीसाठी हा सोहळा, तो राजा पुढे अठ्ठावीस वर्षं जगला.

काठी गेली, आवेश राहिला. 'द हू'चा पीट टाउनशेंड पवनचक्कीसारखा हात फिरवून गिटार छेडतो, तीच त्याची ओळख. १९८९मध्ये अमेरिकेत टकोमा इथं त्याच झोकात गिटारचा धातूचा दांडा त्याच्या उजव्या हातात घुसला.

हा झाला एका क्षणाचा अपघात. हेवी मेटलवाल्यांची मान मात्र वर्षानुवर्षं झिजते. डोकं चार-पाच किलोंचं, आणि ते तालावर झटकायचं, रोज रात्री. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २००८च्या नाताळ अंकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचं गणितच मांडलं: मिनिटाला १४६ ठोके ही सरासरी लय, आणि त्या लयीत मान ७५ अंशांपेक्षा जास्त हलली, तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते. उपाय? दर दुसऱ्या ठोक्यालाच मान हलवा, नाहीतर पट्टा बांधा! लेख मिश्कील होता, दुखणं खरं होतं. 'स्लेयर'चा गायक टॉम अराया याच्या मानेवर जानेवारी २०१०मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर तो पुन्हा मंचावर आला, गायला, बास गिटारही वाजवली. पण मान स्थिर ठेवून. डोकं झटकायचं काम त्यानं समोरच्या गर्दीवर सोडलं.