लग्नातली 'एक्स्प्रेसो', खरी एस्प्रेसो आणि लोहाची गोळी

लग्नाच्या मांडवात यंत्रातून फुस्स करून वाफ निघते, दुधाला फेस येतो, वर चॉकलेटची पावडर भुरभुरतात. त्याला आपण 'एक्स्प्रेसो' म्हणतो. लोणंदला रेल्वे स्टेशन, त्यामुळं नाव जिभेवर लगेच बसलं. पण त्या कपात इन्स्टंट पावडर, दूध, साखर आणि वाफ असते. एस्प्रेसो नसते.

खरी एस्प्रेसो इटलीतली. ट्यूरिनच्या आंजेलो मोरिओन्दोनं १८८४ मध्ये वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं त्यात सुधारणा करून एकेका कपाची कॉफी काढायची सोय केली. पण वाफेच्या जोरावर काढलेली कॉफी करपट लागायची. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजियानं यंत्राला स्प्रिंगचा दांडा लावून गरम पाण्यावरच दाब दिला, तेव्हा कपावर ती तपकिरी साय आली. आज हिशोब असा: ७ ते ९ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, ९० ते ९६ अंशांचं पाणी, ९ बार दाब, २५-३० सेकंद, आणि हाती येते जेमतेम ३० मिली. चारचाकीच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून ९ बारचा अंदाज करा. हल्ली पोरं ऑनलाइन मागवतात तो मोका पॉट १९३३ चा, त्यात दीड-दोन बारच दाब होतो. कॉफी कडक आणि चांगली होते, पण ती एस्प्रेसो नव्हे.

आपल्याकडं कॉफी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, चिकमंगळूर-कोडगूत पिकते. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडीफार. १९३० च्या दशकात भाव कोसळले तेव्हा सरकारनं उपकर बसवून प्रचार सुरू केला आणि १९३६ ला मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडलं. चहावाले तर त्याआधीपासून स्टेशनांवर पाट्या लावून फुकट चहा पाजत होते, ते जिंकले. कॉफी आपल्या घरात पाहुण्यांपुरती राहिली, तीही जायफळ घालून. जागं ठेवणाऱ्या कॉफीत झोप आणणारं जायफळ, हा शोध खास मराठी!

आता तब्येतीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९१ ला कॉफीला संशयितांच्या यादीत टाकलं आणि २०१६ ला बाहेर काढलं. उलट ६५ अंशांपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेला घातक ठरू शकतं, असं सांगितलं. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार आणि मधुमेह कमी दिसतो, हेही अनेक पाहण्यांतून आलंय. पण कॉफीमुळंच तो कमी होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि दोन चमचे साखर घातलेल्या आपल्या दुधाळ कपाला तो दाखला लावणं म्हणजे निव्वळ चलाखी. कागदी गाळणीतून न गाळलेल्या कॉफीनं कोलेस्टेरॉल वाढतं, यंत्र घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत कॅफिनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम दिलीय. १५० मिली उकळून काढलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. म्हणजे बाजार समितीत दिवसभर कटिंग मारणाऱ्यानं कॉफीवाल्याला नावं ठेवायचं कारण नाही.

त्याच मार्गदर्शिकेतली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते: जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण त्यातल्या टॅनिनमुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. सरकार लोहाच्या गोळ्या वाटतं आणि आपल्याकडं गोळी चहाच्या घोटाबरोबर घ्यायची सवय आहे. गोळी देताना पाण्याबरोबर घ्या, चहा तासाभरानं प्या, असं तुमच्या घरच्या बाईला कुणी सांगितलं होतं का? आज विचारा आणि खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. उत्तरं गोळा करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवतो.