करडईच्या तेलाची गोष्ट : गुण आपल्याच बियाण्यात होता



करडईच्या तेलाची बरणी बरेच दिवस वापरात राहिली, की तिच्या तोंडाशी चिकट थर जमतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही, राख लावून घासावा लागतो. स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला हे सांगायला नको. आजची गोष्ट या चिकट थराची आहे. ती आपल्या देशातून निघून अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियापर्यंत जाते आणि पुन्हा आपल्या बांधावर येते.

आधी थर का जमतो ते पाहू. तेल म्हणजे एकच पदार्थ नव्हे, ते निरनिराळ्या स्निग्धाम्लांचे मिश्रण आहे. करडईत त्यांपैकी दोन मोठी, लिनोलिक आणि ओलिक. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात शंभर भागांत सुमारे ७५ भाग लिनोलिक असते, ओलिक १५ भागांच्या आसपास. लिनोलिक हवेतला प्राणवायू चटकन धरते. त्यामुळे तेलाचा पातळ थर वाळून घट्ट होतो. रंग आणि वार्निश करणाऱ्यांना नेमके हेच हवे असते. अमेरिकेत १९५० च्या सुमारास करडईची लागवड वाढू लागली, ती आधी अशा कामासाठीच.

पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले, की तूप-वनस्पतीसारख्या गोठणाऱ्या स्निग्धाऐवजी असे पातळ तेल खाल्ले, तर रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. मग करडईचे तेल तिकडेही स्वयंपाकघरात शिरले. पण एक अडचण होती. लिनोलिक शरीराला लागते हे खरे, पण तापलेल्या कढईत ते टिकत नाही. तळणाचे तेल लवकर चिकट होते, साठवलेले तेल खवट होते. तेल हृदयाला बरे असावे आणि आचेवरही टिकावे, असे दोन्ही कसे साधायचे? ओलिकमध्ये हे दोन्ही गुण आहेत. पण करडईत ओलिक थोडे!

आपल्या देशात करडईचा अभ्यास जुना आहे. बिहारमधील पुसा येथे हॉवर्ड दांपत्याने देशी करडईचे नाना प्रकार वेगळे करून १९१५ साली त्यांची माहिती छापली. काटे, पाने, फुलांचा रंग पाहून त्यांनी प्रकार पाडले. पण बियांच्या पोटातले तेल कोणत्या जातीचे आहे, हे डोळ्यांना कसे दिसणार? काटेरी झाड शेजारच्या काटेरी झाडासारखेच!

ते दिसले आयोडीनच्या परीक्षेने. तेल जितके जास्त आयोडीन शोषील, तितके ते जास्त वाळणारे. नेहमीच्या करडईच्या तेलाचा आयोडीन अंक १४० च्या पुढे असतो. १९५७ साली होरोविट्झ आणि विंटर या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ मासिकात कळवले, की करडईचे एक तेल असे सापडले आहे ज्याचा अंक फारच कमी आहे. म्हणजे त्यात लिनोलिक थोडे आणि ओलिक भरपूर!

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापक नोल्स हे करडईमागे लागलेले गृहस्थ. १९५८ साली बियाणे गोळा करायला ते देशोदेशी फिरले, भारतातही आले. त्यांनी आणि मुतवकील या सहकाऱ्याने १९६३ साली दाखवून दिले, की भारतातून आलेल्या काही करडयांमध्ये हा गुण पिढीजात आहे आणि तो मुख्यतः एकाच जनुकावर चालतो. मग तो गुण चांगल्या वाणात उतरवणे सोपे झाले. १९६६ साली ‘यूसी-१’ हे वाण बाहेर पडले. त्याच्या तेलात ओलिक ७५ टक्क्यांच्या पुढे. जणू तेलातली दोन्ही आम्ले जागा बदलून बसली!

बंधूंनो, इथे जरा थांबू. हा गुण कोणी औषध मारून निर्माण केला नव्हता. तो भारतातून गेलेल्या बियाण्यातच होता. आपले वाडवडील ज्वारीत करडईचे पाटे घेत, गुरांना आडकाठी म्हणून बांधाकडेने पेरत. असे घरचे बियाणे कशात काय गुण धरून बसले आहे, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नवे वाण आले की जुने सगळेच मोडीत काढू नका. मूठभर तरी जतन करा, किंवा कृषी विद्यापीठाकडे नमुना द्या.

आता शेतीच्या कामाची गोष्ट. ओलिकचा हा गुण दबणारा आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. तुमच्या ओलिक वाणाच्या फुलावर मधमाशीने शेजारच्या साध्या करडईचा पराग आणला, तर त्या फुलात भरणाऱ्या त्याच बियांचे तेल साध्यासारखे होते. पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही! अशी मिसळ झालेली बी पेरली, तर तिच्या झाडावर चार बियांत एकच ओलिकची निघते. तीन-चार हंगाम घरचेच बी धरले, की नाव राहते आणि गुण जातो.

आपल्या देशातही हे काम पुढे गेले आहे. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने ‘आयएसएफ-१’ हे जास्त ओलिकचे करडईचे वाण काढले. भुईमुगाचे ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ हे जास्त ओलिकचे वाण ऑक्टोबर २०२० मध्ये देशाला अर्पण झाले. भुईमुगाला हा गुण अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या वाणाकडून मिळाला. आपली करडई तिकडे गेली, तिकडचा भुईमूग इकडे आला. बियाणे असेच फिरत असते.

एके काळी महाराष्ट्रात रब्बीत करडई जिकडे तिकडे दिसे. आता ते क्षेत्र फार घटले आहे. काटे, मजुरी, भाव, सगळ्यांनी तिला मागे लोटले. चांगल्या तेलाला चांगला दाम मिळाला तर ती परत येईल. पण दाम आपोआप मिळत नाही. घाण्यावर सगळा माल एकत्र पडला, तर तुमच्या ओलिकची किंमत साध्याइतकीच.

म्हणून ध्यानात ठेवा :

१. ओलिक वाण पेरायचे तर शेजारी साधी करडई नको. शेजाऱ्याशी बोलून सगळ्या शिवारात एकच वाण घ्या.

२. बियाणे प्रमाणित घ्या, वरचेवर बदला.

३. मळणी, पोती, साठवण वेगळी ठेवा.

४. जादा भाव कोण देणार आणि तेलाची तपासणी कोण करणार, हे पेरणीआधी विचारा.

५. तेल कितीही चांगले असले तरी बेताने खावे. चांगले तेल म्हणजे जास्त तेल नव्हे.

डोळ्याला न दिसणारा गुण जपायचा तर हातांना शिस्त हवी. नाही तर बरणीच्या तोंडाशी पुन्हा तोच चिकट थर!