जालन्याहून जंजिऱ्याला

आमच्या जालन्याकडच्या मुलांनी समुद्र पाहिलेला तो नकाशातच. उर्दू शाळेची सहल घेऊन आम्ही मुरूडला निघालो तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तिथे जे लढले त्यांतले आपले कोण?"

राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो. किल्ला समोर दिसतो, दरवाजा मात्र अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. जंजिरा म्हणजे अरबी 'जझीरा', बेट. हे उर्दूच्या मुलांना सांगावे लागले नाही. 'बंदर' फारसी आणि 'आरमार' पोर्तुगीज, हे मात्र त्यांना नवे होते. आत, खाऱ्या समुद्राच्या मधोमध, गोड्या पाण्याचे तलाव! टँकरची वाट पाहणारी आमची पोरे कलालबांगडी तोफ सोडून तिथेच रेंगाळली.

इथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतले हबशी. खुलताबादेत ज्याची कबर आहे तो मलिक अंबरही हबशीच. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्याने वसवले आणि नहरीने तिथे पाणी आणले.

तटावरून पद्मदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी तो सिद्दीला शह द्यायला बांधला. पण महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख होता दौलतखान. १६७९-८० मध्ये खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात त्याची गाठ पडली ती सिद्दी कासमशी. एक स्वराज्याचा चाकर, दुसरा मोगलांचा. कलमा दोघांचा एकच.

मुलगा गप्प ऐकत होता. परतताना खोकरीला सिद्दी कासमचा मकबरा पाहिला. फातिहा पढून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "सर, मग दौलतखानाची कबर कुठे आहे?"