जिनमधला अर्धा कापूस

प्रॉडक्शन ऑर्डर म्हटलं की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सॅप आठवतं. ती कंपनी जर्मनीत निघाली १९७२ साली. पण मंडळी, ऑर्डरमागची कल्पना आपल्या खान्देशात, बोदवडसारख्या कापसाच्या गावात, त्याच्या कितीतरी आधी कागदावर होती.

अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळहून रेल्वे नागपूरला पोचली. बोदवड त्याच मार्गावर. पुढे या पट्ट्यात जिन-प्रेस वाढले, आणि त्यांच्याबरोबर भेसळही. म्हणून १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कायदा आला. जिनवाल्यानं रजिस्टर ठेवायचं: कुणाचा कापूस, कधी पिंजला. प्रेसवाल्यानं प्रत्येक गठाणीला अनुक्रमांक द्यायचा आणि ती कुणाची ते लिहायचं. आजच्या भाषेत ऑर्डर नंबर आणि लॉट नंबर. दुसरं काय?

पण रजिस्टर नग आणि माणसं सांगतं, पैसे सांगत नाही. खरी गोची तिथेच आहे.

समजा, एका ऑर्डरवर १०० क्विंटल कापूस काढला. ढोबळ हिशोबानं त्यातून ३४ क्विंटल रुई, ६४ क्विंटल सरकी आणि २ क्विंटल घट. १७० किलोची एक, अशा २० गठाणी. संध्याकाळी जिन थांबला तेव्हा ६० क्विंटल पिंजून झालाय, गठाणी ९ झाल्यात, तीन गठाणींची रुई मोकळी पडलीय आणि ४० क्विंटल कापूस तसाच. ऑर्डरवर मात्र शंभरच्या शंभर क्विंटलचा खर्च पडलेला! झालेल्या मालाची किंमत वजा केली की उरतो तो 'वर्क इन प्रोसेस', म्हणजे अर्धवट माल.

झालेल्या मालाची किंमत कशी काढायची? बहुतेक सॉफ्टवेअर दहा सुटे भाग जोडून एक वस्तू करणाऱ्या कारखान्यासाठी घडलेलं. जिनमध्ये उलटं, एकाचे दोन होतात. खर्च वजनानं वाटला तर जवळजवळ दोन तृतीयांश सरकीच्या डोक्यावर बसतो, आणि महाग रुई कागदावर फुकटात पडते. म्हणून विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटणी करावी लागते. वाटणी बदलली की तोच माल, तोच दिवस, पण नफा वेगळा.

यात कुणाचं काय जातं? महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२-७३ च्या हंगामात सुरू झाली. गंमत बघा, सॅपचंही सुरुवातीचं वर्ष तेच! सरकारी खरेदीत शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळे, आणि रुई-सरकी विकून शिल्लक उरली तर पुढची रक्कम. म्हणजे माल विकला जाईपर्यंत शेतकऱ्याचा भावसुद्धा अर्धवटच! ती योजना आता इतिहासजमा झाली, पण अडचण तीच आहे. हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. वर्ष बंद करताना मोकळी रुई हमखास जिनमध्ये असते.

म्हणून मी म्हणतो, डब्ल्यूआयपीचा रकाना नुसत्या टक्केवारीनं भरू नका. ऑर्डर बंद करण्याआधी जिनमध्ये जाऊन ढीग मोजून या. त्या आकड्यामागे कुणाचे तरी थांबलेले पैसे असतात.