वेडाच्या यादीतून बाहेर

सिरोंच्याहून नागपूरच्या मनोरुग्णालयात जायचं म्हणजे आलापल्ली, आष्टी करत आधी गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठायचं आणि मग पुढची वाट धरायची. त्यात सगळा दिवस जातो. हे रुग्णालय 1864 सालचं. बोलताना लोक त्याला सरळ 'पागलखाना' म्हणतात. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला तो 1982 मध्ये, म्हणजे त्याच्याही शंभराहून अधिक वर्षं आधीपासून ही इमारत आपल्या भागातल्या माणसांच्या भीतीचा विषय आहे.

या भीतीचा एक जुना धागा तृतीयपंथीयांशी जोडलेला आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारधी बांधवांमुळे माहीत असतो. त्याचा दुसरा भाग मात्र तृतीयपंथीयांविषयी होता, हे फारसं कोणी सांगत नाही. पोलीस त्यांची नोंदवही ठेवत. नाव नोंदलेली व्यक्ती बाईच्या वेशात रस्त्यावर दिसली किंवा नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. या भागाचा अंमल मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात झाला, पण संशयाची नजर सगळीकडे पोचली.

पोलिसांनंतर पाळी आली डॉक्टरांची. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत आणि पुढे 1990 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत ही अवस्था मानसिक विकारांमध्ये नोंदली गेली. आपले डॉक्टरही हीच पुस्तकं वाचून तयार झाले. मुलगा साडी नेसू लागला की घरच्यांपुढे देवऋषी, मारहाण, घाईनं उरकलेलं लग्न आणि पैसे असलेच तर डॉक्टर, असे मार्ग उरत. डॉक्टरकडे गेल्यानं सुटका होईच असं नाही. तिथंही 'सुधारणा' करण्याचेच प्रयत्न होत.

मग दुखणं नेमकं कुठं आहे? मेक्सिको शहरात 250 जणांशी बोलून केलेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 76 टक्के लोकांना आपल्या माणसांनी नाकारलं होतं, 63 टक्क्यांनी हिंसा सोसली होती. त्यांच्या मानसिक त्रासाचा संबंध तृतीयपंथी असण्यापेक्षा या वागणुकीशी अधिक निघाला. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली. नवी सूची 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक कलम आलं, ते मला फार मोलाचं वाटतं. समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांशी कोणी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी, हा विषय आपल्याला नीट कळत नाही अशी कबुली दिली आणि निकालाआधी स्वतः समुपदेशकापुढे जाऊन बसले. असा न्यायाधीश विरळाच! 'बदलून टाकण्याच्या' उपचारांना त्यांनी मनाई केली. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही असे उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला.

आता डॉक्टरनं करायचं काय? झोप उडालेली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर त्यावर उपचार करायचे. घरच्यांना समोर बसवून समजवायचं. आणि माणूस जसा आहे तसा बदलायला जायचं नाही. केसपेपरच्या खिडकीवर 'तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू?' एवढं विचारलं तरी पुष्कळ. साडी नेसलेल्या माणसाला पुरुषाच्या नावानं पुकारलं की अख्खं बाकडं वळून पाहतं.

न विचारल्यानं काय होतं, हे गडचिरोलीनंच एकदा जगाला दाखवलं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध केला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. आधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. त्या बोलत नव्हत्या, म्हणून त्यांना काही होत नाही असं सगळे धरून चालले होते.

2022 मध्ये सरकारनं टेलि-मानस ही मोफत सेवा सुरू केली, क्रमांक 14416. भामरागडच्या जंगलात रेंज मिळेलच असं नाही. पण मिळाली, तर फोनवर निदान आपलं नाव आपल्याला सांगता येतं.