होशंगाबादचे विज्ञान आणि आपली अरेरा कॉलोनी

आपल्या अरेरा कॉलोनीत, ई-७ सेक्टरमध्ये, 'एकलव्य' संस्थेचे कार्यालय बरीच वर्षे होते. १९८५ साली निघालेले त्यांचे 'चकमक' मासिक आपल्यापैकी काहींनी मुलांसाठी घेतलेही. पण त्या घरातून चाललेल्या मोठ्या कामाविषयी आपल्या स्मरणिकेत कधी चार ओळी आल्या नाहीत. यंदा त्या लिहीत आहोत.

या कामाची एक मुळी थेट वर्ध्यात सापडते. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. तिच्यातला कळीचा शब्द समवाय. टकळीवर सूत काढता काढता हिशेब, कापूस कुठे पिकतो यातून भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास. विदर्भातून इकडे आलेल्या घरांत आजी-आजोबांकडून हे ऐकलेले असेल. स्वातंत्र्यानंतर मात्र शाळांतले विषय पुन्हा आपापल्या तासांत जाऊन बसले.

१९७२ मध्ये होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ सरकारी माध्यमिक शाळांत निराळा प्रयोग सुरू झाला. पुढाकार होता किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांचा. किशोर भारती स्थापन करणारे अनिल सदगोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आले होते. सहावी ते आठवीच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत पाठ करायला फारसे काही नव्हतेच. मुलांनी शेतातली माती आणायची, ती पाणी किती धरते ते मोजायचे, आकडे तक्त्यात मांडायचे. आता हा तास विज्ञानाचा, गणिताचा की भूगोलाचा? नकाशा काढणे, आलेख काढणे, नाणे उडवून संभाव्यता ओळखणे, हे सारे विज्ञानाच्याच पुस्तकात होते. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा आणि हाताने प्रयोग करून दाखवण्याची सक्ती!

पुण्याच्या टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये इथे येऊन राहिले. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्यांनी आकृत्या केल्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. भूमिती आणि घराचे छप्पर एकाच वेळी समजते. हेच गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकात मुलांना खेळणी करायला शिकवत राहिले.

आम्हाला यात सर्वांत मोलाचे वाटते ते शिक्षकांचे स्थान. खेड्यातले गुरुजी उन्हाळी शिबिरात आधी स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करत. पुढे मासिक बैठकीत कोणता प्रयोग फसला, कोणता प्रश्न मुलांना कळला नाही, ते सांगत, आणि त्यावरून पुस्तकातले धडे बदलत. विद्यापीठातले प्राध्यापक समोर बसून ऐकून घेत. मुलांच्या शंकांना पत्राने उत्तर द्यायला 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्रही होते.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये एकलव्य स्थापन झाली, १९८६ पासून सामाजिक शास्त्राचीही अशी पुस्तके आली. पुढे विज्ञानाचा कार्यक्रम १५ जिल्ह्यांतल्या सुमारे १,००० शाळांपर्यंत पोहोचला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला. आपल्या कॉलोनीत त्याची फारशी चर्चा झाली नाही, हे कबूल करायला हवे. आपली मुले त्या शाळांत नव्हती. त्यांचे विज्ञान गाईडमधून पाठ होत होते आणि गुण चांगले पडत होते, म्हणून आपणही निश्चिंत होतो.

एकलव्यचे कार्यालय आता कॉलोनीत नाही. पुण्याहून निघणारे 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी द्वैमासिक त्यांच्या हिंदी 'संदर्भ'चे भावंड. कुणाच्या माळ्यावर 'बाल वैज्ञानिक'चे जुने भाग किंवा 'चकमक'चे अंक पडले असतील, तर रद्दीत घालू नका. मंडळाच्या वाचनालयात आणून द्या, आम्ही बांधून ठेवू.